काप्रिच्चो, कॅप्रिस, कप्रिशस : एका लहरी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायोलिन शिकणारे, कलाशाखेचे विद्यार्थी, कायद्याच्या परीक्षेला बसलेले आणि शब्दकोडी सोडवणारे अशा चार तऱ्हेच्या लोकांकडून या एका शब्दाबद्दल सतत विचारणा होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काप्रिच्चो म्हणजे नेमकं काय? कॅप्रिस तोच शब्द का?

शब्द एकच, घरं वेगळी. मूळ इटालियन ‘काप्रिच्चो’. तो फ्रेंचमध्ये गेला आणि ‘काप्रीस’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘काप्रिचो’. इंग्रजीने दोन्ही दारांतून घेतला: फ्रेंचकडून ‘कॅप्रिस’ आणि थेट इटालियनमधून ‘काप्रिच्चो’. साधा अर्थ लहर, मनाची अचानक फिरलेली कळ, कारण विचारलं तर सांगता येणार नाही अशी इच्छा.

इंग्रजीत या दोन रूपांनी कामं वाटून घेतली आहेत. माणसाच्या, हवामानाच्या किंवा नशिबाच्या लहरीला कॅप्रिस म्हणतात. संगीतरचना किंवा चित्रप्रकार असेल तर बहुधा काप्रिच्चो. अपवाद आहेच, तो प्रश्न ८ मध्ये.

२. उच्चार कसा करायचा? मराठीत कसं लिहू?

इटालियनमध्ये ‘का-प्रीच्-चो’, जोर मधल्या अक्षरावर. शेवटी ‘चिओ’ नाही. तिथला ‘इ’ फक्त ‘च’चा उच्चार दाखवायला असतो. इंग्रज मात्र सर्रास ‘कप्रिचिओ’ म्हणतात, आणि मैफलीच्या निवेदनात तसं ऐकू आलं तर नाक मुरडायचं कारण नाही. कॅप्रिसचा इंग्रजी उच्चार ‘कप्रीस’च्या जवळ जातो, पण मराठीत ‘कॅप्रिस’ रुळला आहे म्हणून इथेही तोच ठेवला आहे.

३. हा शब्द बकरीवरून आला असं सगळीकडे वाचलं. खरं आहे का?

जन्म बकरीच्या घरी झालेला नाही, पण ती पुढे नात्यात आली आणि मग घरचीच झाली.

आज सर्वाधिक मान्य असलेली व्युत्पत्ती अशी: ‘कापो’ म्हणजे डोकं, आणि ‘रिच्चो’ म्हणजे कुरळा, किंवा अंगावर काटे असलेला साळिंदरासारखा छोटा प्राणी. दोन्ही मिळून ‘कापोरिच्चो’, म्हणजे केस ताठ उभे राहिलेलं डोकं. थोडक्यात, अंगावर काटा. जुन्या इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ लहर नव्हताच, भीतीचा शहारा होता.

याला भक्कम पुरावा आहे. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या बाविसाव्या सर्गात कवी नरकातलं एक दृश्य सांगताना म्हणतो, की ते आठवून अजूनही काळीज थरारतं. तिथलं क्रियापद आहे ‘आक्काप्रिच्चा’. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या ओळीत लहरीपणाचा मागमूस नाही.

आणि तो जुना अर्थ मेलेलाही नाही. आजच्या इटालियनमध्ये ‘राक्काप्रिच्चो’ म्हणजे भयाचा, किळसेचा शहारा. खुनाची बातमी देताना तिथली वर्तमानपत्रं ‘राक्काप्रिच्चान्ते’ हे विशेषण वापरतात. एकाच घरातला एक भाऊ मौजमजेत रमला आणि दुसरा पोलीस-वार्तांकनात अडकला.

४. पण भीतीच्या शहाऱ्यापासून लहरीपर्यंत शब्द पोचलाच कसा? ओढूनताणून वाटतं.

मराठी वाचकाला तरी तसं वाटायला नको, कारण आपल्याकडे याचा सख्खा नमुना आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन गलितगात्र होतो तेव्हा म्हणतो ‘रोमहर्षश्च जायते’. तो काटा भीतीचा, विषादाचा. अठराव्या अध्यायात संजय तोच संवाद ऐकल्याबद्दल बोलतो तेव्हा म्हणतो ‘अद्भुतं रोमहर्षणम्’, आणि हा काटा आनंदाश्चर्याचा. आज तर आपण शेवटच्या चेंडूपर्यंत गेलेल्या क्रिकेटच्या सामन्याला ‘रोमहर्षक’ म्हणतो. शहारा तोच, कारण बदलत गेलं.

इटालियनमध्येही असंच घडलं असावं. आधी अचानक आलेली शिरशिरी, मग अचानक डोक्यात आलेली कल्पना, मग कसलंही कारण नसलेली इच्छा. सोळाव्या शतकापर्यंत शेवटचे दोन अर्थ पक्के झाले होते. वासारीने १५५० साली चित्रकार-शिल्पकारांची चरित्रं छापली, त्यांत हा शब्द आणि त्याचं विशेषण जागोजागी भेटतं, आणि पुष्कळदा कौतुकाने. ज्याला नवीन काही सुचतं तो ‘काप्रिच्चोझो’.

याच टप्प्यावर बकरी आली. इटालियनमध्ये बकरीला ‘काप्रा’ म्हणतात. कारण नसताना उड्या मारणारा हा प्राणी आणि कारण नसताना उड्या मारणारं मन, दोन्हींची नावं इतकी जवळची, की लोकांनी नातं जोडून टाकलं. लोकव्युत्पत्ती म्हणून ती चुकीची, पण अर्थ लहरीकडे ढकलायला तिनेच हातभार लावला असं बहुतेक कोशकार मानतात. म्हणून ‘बकरी सोडून द्या’ असा उलटा आग्रहही धरू नये.

५. इंग्रजीत कधी आला? शेक्सपिअरने वापरलाय का?

वापरलाय, आणि त्यावर कोटीही केली आहे. ‘ॲज यू लाइक इट’च्या तिसऱ्या अंकात टचस्टोन हा विदूषक बकऱ्या राखणाऱ्या ऑड्रीला सांगतो, की मी इथे तुझ्या बकऱ्यांत आहे, जसा तो अतिशय ‘कप्रिशस’ कवी ओव्हिड गॉथ लोकांत होता. एका वाक्यात दोन कोट्या: ‘गोट्स’ आणि ‘गॉथ्स’ हे उच्चार तेव्हा फार जवळचे होते, आणि ‘कप्रिशस’मध्ये लॅटिन ‘कापेर’ म्हणजे बोकड दडलेला. ओव्हिडला खरोखरच रोमहून हाकलून काळ्या समुद्राकाठी पाठवलं होतं. ऑड्रीला यातलं काहीही कळत नाही, आणि विनोद तिथेच आहे.

‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’मध्ये तर ‘काप्रिच्चो’ जसाच्या तसा येतो. घर सोडून युद्धावर निघालेल्या तरुणाला त्याचा सोबती विचारतो, ही लहर टिकेल ना?

क्रम असा: विशेषण ‘कप्रिशस’ १५९०च्या दशकात, ‘काप्रिच्चो’ त्याच्या आगेमागे, आणि फ्रेंच वळणाचा ‘कॅप्रिस’ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे सर्वांत साधं वाटणारं रूप सर्वांत उशिरा आलं.

६. कॅप्री बेट, कॅप्रिकॉर्न रास, टॅक्सीवाली कॅब... यांचं काय नातं?

कॅप्रिकॉर्न खऱ्या बकरीकडून आलेला आहे, शिंगवाला बकरा. आपण त्या राशीला मकर म्हणतो तो जलचर. कॅप्रिसशी तिचा थेट संबंध नाही. कॅप्री बेटाचं नाव या शब्दाच्या कितीतरी आधीचं, तेव्हा तेही बाद. कॅप्री पॅन्टला नाव बेटावरून.

कॅब मात्र अस्सल बकरीची. ‘कॅब’ हे ‘कॅब्रिओले’चं लघुरूप. ती दोन चाकांची हलकी घोडागाडी, रस्त्यावर उसळत जायची म्हणून तिला बकरीच्या उडीवरून नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यांवर बसलेल्यांना ही व्युत्पत्ती वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

७. संगीतातला काप्रिच्चो म्हणजे ज्याला काही नियम नाहीत अशी रचना ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ‘नाही’ असं आहे.

फ्रेस्कोबाल्दी हा रोमचा मोठा ऑर्गनवादक. त्याने १६२४ साली काप्रिच्चोंचा पहिला ग्रंथ छापला. त्यातली एक रचना युरोपातल्या ककू पक्ष्याच्या हाकेवर आहे. वरच्या स्वरपंक्तीत तेच दोन उतरते सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बदल नाही. खाली बाकीच्या पंक्ती एकमेकींचा पाठलाग करत, गुंतत, सुटत राहतात. लहर फक्त एका गोष्टीत: हा असला हट्टी विषय निवडण्यात. एकदा निवडल्यावर पुढचं काम इतकं काटेकोर, की एक सूर इकडचा तिकडे झाला तर इमारत बसेल.

दुसरं टोक कार्लो फारीनाचं. तो मांतुआचा, नोकरीला ड्रेस्डेनच्या दरबारात. त्याच्या १६२७ सालच्या ‘काप्रिच्चो स्त्रावागान्ते’मध्ये व्हायोलिनकडून कोंबडी, कोंबडा, कुत्रा, मांजर, तुतारी, नगारा सगळं वाजवून घेतलं आहे. मांजरासाठी बोट तारेवरून हळूहळू खाली घसरवायचं. स्पॅनिश गिटारसाठी व्हायोलिन काखेत धरून बोटांनी छेडायचं. ऐकताना पोट धरून हसावं असा प्रकार, पण वादकासाठीच्या या सूचना त्याने बारकाईने लिहून ठेवल्या आहेत. लहर ही अशी लेखी, तपशीलवार.

शब्दाने संगीतात पाऊल टाकलं ते याच्याही आधी. जाके द बेर्शेम याने १५६१ साली गायनरचनांच्या संग्रहाला हे नाव दिलं होतं. पुढे बाखने तरुणपणी एक काप्रिच्चो लिहिला तो प्रिय भावाच्या निरोपाचा, त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही. चायकोव्स्कीचा इटालियन (१८८०) आणि रिम्स्की-कोर्साकोव्हचा स्पॅनिश (१८८७) हे तर भरघोस वाद्यवृंदाचे तुकडे. तेव्हा ‘काप्रिच्चोचा ढाचा कोणता?’ याला उत्तर नाही. नाव ढाच्याचं नाहीच, सोनाटा किंवा फ्यूग अशा ठरलेल्या ढाच्यांत मला मोजू नका अशी ती आधीच दिलेली सूचना आहे.

८. मग व्हायोलिनवादक पागानिनीचे २४ कॅप्रिस? ते तर चक्क रियाज वाटतात.

वाटतात, कारण बऱ्याच अंशी ते आहेतच. व्हायोलिनच्या जगात ‘कॅप्रिस’ला एक खास अर्थ चिकटला: एकट्या वादकासाठीचा, एका-दोन अवघड करामतींवर बेतलेला तुकडा. याची सुरुवात पागानिनीची नव्हे. लोकातेल्लीने १७३३ साली १२ कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) छापले आणि त्यांत एकट्या व्हायोलिनसाठी २४ काप्रिच्चो घातले. पागानिनीचा चोवीसचा आकडा त्याच परंपरेतला.

पागानिनीचा संच मिलानच्या रिकोर्दीने १८२० साली छापला. अर्पणपत्रिका कुठल्या राजाला किंवा सरदाराला नाही, ‘कलाकारांना’ आहे. शेवटचा, चोविसावा, सर्वांत गाजलेला: एक छोटी धून, तिची ११ रूपांतरं आणि समारोप. नवव्या रूपांतरात डाव्या हाताला सूर दाबता दाबता तारही छेडावी लागते. शिकणाऱ्यांची बोटं इथेच रडतात. ही धून पुढे ब्राम्स आणि रखमानिनोव्हने उचलली.

रचना वाजवताना मनाला येईल तसं वाजवायचं का, हा प्रश्न वेगळा. स्वरलिपीत ‘आ काप्रिच्चो’ लिहिलं असेल तिथे लय वादकाच्या मर्जीवर. इतरत्र ती मुभा नाही.

९. चित्रातला काप्रिच्चो कसा ओळखायचा?

इमारती खऱ्या, शेजार खोटा. १८व्या शतकात व्हेनिस आणि रोम पाहायला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांना अशी चित्रं फार आवडत. पान्नीनी रोममधले अवशेष आपल्या सोयीने एकाच मैदानात आणून मांडायचा.

कानालेत्तोचं एक चित्र जरूर पाहा, ते पार्मामध्ये आहे. व्हेनिसचा मुख्य कालवा, नावा, नावाडी, सगळं ओळखीचं. पण रिआल्तो पुलाच्या जागी जो पूल आहे तो पाल्लादिओ या वास्तुविशारदाने आराखड्यात काढलेला, कधीच न बांधला गेलेला. दोन्ही काठांच्या इमारती पाल्लादिओच्याच, मात्र त्या उभ्या आहेत विचेंझा गावात. आल्गारोत्ती या कलारसिकाच्या सांगण्यावरून काढलेलं हे चित्र म्हणजे ‘असं बांधलं असतं तर?’ याचं सविस्तर उत्तर. विल्यम मार्लोने १७९५च्या सुमारास लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल उचलून व्हेनिसच्या कालव्यावर ठेवलं, तेही याच जातकुळीचं.

१०. स्पॅनिश चित्रकार गोयाचे ‘काप्रिचोस’ मात्र भयानक आहेत. त्यांना हे हलकंफुलकं नाव का?

आड म्हणून. ६ फेब्रुवारी १७९९ रोजी माद्रिदच्या दैनिकात जाहिरात आली: ८० छापचित्रांचा संच, किंमत ३२० रेआल. विक्रीचं ठिकाण पुस्तकांचं दुकान नव्हे, अत्तरं आणि मद्य विकणारं एक दुकान. त्या रस्त्याचं नाव ‘देसेंगान्यो’, म्हणजे भ्रमनिरास. हे मात्र गोयाने ठरवलेलं नव्हतं. जाहिरातीत आवर्जून म्हटलं होतं, की यात माणसांच्या सर्वसाधारण चुका आणि दुर्गुण दाखवले आहेत, कुणा एकाची टर उडवलेली नाही. असं आवर्जून सांगावं लागतं तेव्हाच लोक चेहरे शोधू लागतात.

चित्रांत चेटकिणी आहेत, लग्नाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुली आहेत, खादाड भिक्षू आहेत. चाळिसावं घ्या: कोट घातलेलं गाढव मरणाऱ्या रोग्याची नाडी बघतंय, खाली ओळ ‘कुठल्या रोगाने मरेल?’. त्रेचाळिसावं सर्वांना माहीत असतं, टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस आणि मागून झेपावणारी घुबडं-वटवाघळं. ‘बुद्धीच्या झोपेतून राक्षस जन्मतात’ असं त्याचं नाव. पण तिथला ‘सुएन्यो’ हा स्पॅनिश शब्द झोप आणि स्वप्न दोन्हींसाठी चालतो. झोप धरली तर बुद्धी डुलकी घेते म्हणून राक्षस येतात. स्वप्न धरलं तर बुद्धीच त्यांना जन्म देते. वाद अजून चालू आहे, आणि मला वाटतं गोयाला तो चालूच हवा होता.

संच लवकरच विक्रीतून काढून घेतला गेला. १८०३ साली गोयाने तांब्याचे पत्रे आणि उरलेल्या प्रती राजालाच देऊन टाकल्या. धर्मन्यायालयाच्या काळात हा शहाणपणाचा सौदा होता.

प्रश्न ३ मधला जुना अर्थ आठवून ही चित्रं पाहा. काप्रिच्चोचा मूळ काटा इथे पुन्हा उभा राहिलेला दिसतो. गोयाला ती व्युत्पत्ती माहीत होती असा दावा मात्र नाही.

११. आपला ‘ख्याल’ म्हणजे भारतीय काप्रिच्चोच ना?

रक्ताचं नातं नाही, पण योगायोग मोठा देखणा आहे. ख्याल हा अरबी ‘खयाल’. अर्थ: आभास, मनात उमटलेली प्रतिमा, कल्पना. अरबीत छायाबाहुल्यांच्या खेळालाही ‘सावलीचा खयाल’ म्हणत. फारसीतून तो आपल्याकडे आला, आणि मुहम्मदशाहाच्या दरबारात (१७१९ ते १७४८) नियामतखाँ ‘सदारंग’ याच्या बंदिशींनी ख्यालगायनाला प्रतिष्ठा मिळाली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली, ही गोष्ट इथल्या श्रोत्यांना सांगायला नको.

साम्य इतकंच, की दोन्हीकडे कल्पनेच्या नावाने गायन-वादनाचा प्रकार ओळखला गेला. फरक मोठा. काप्रिच्चो आधी लिहून ठेवलेला असतो, ख्यालात बंदिश ठरलेली आणि बाकीचं त्या बैठकीत घडतं. पण राग मोडला, समेवर येता आलं नाही, तर ‘लहर होती’ म्हणून कुणी सोडत नाही. मराठीतली ‘ख्यालीखुशाली’ही याच शब्दाची. एकेकाळी ख्यालीखुशालीत पैसा उडवत, आता ती फोनवरून विचारतात.

१२. मराठीत एकच चांगला प्रतिशब्द सांगा.

एकच नाही सांगता येणार, पण पहिला हात ‘लहर’वरच टाकावा. संस्कृतात ती लाट. मराठीत लाटेसारखं येऊन जाणारं काहीही: झोपेची लहर, सापाचं विष चढताना येणाऱ्या लहरी, आणि मनाची लहर. ‘आली लहर, केला कहर’ यात कॅप्रिसचा सगळा स्वभाव आला. हवामानासाठी ‘लहरी पाऊस’ अगदी बसतो.

क्षणिक आणि निरुपद्रवी असेल तर ‘हुक्की’. रात्री अकराला भजी तळायची येते ती हुक्की. माणसाचा कायमचा स्वभाव सांगायचा तर ‘लहरी’ किंवा ‘तऱ्हेवाईक’, पण दुसऱ्यात विक्षिप्तपणाची छटा जास्त. अधिकाऱ्याबद्दल असेल तर ‘मनमानी’, त्याचं कारण पुढच्या उत्तरात. संगीत-चित्रांच्या नावात मात्र भाषांतर करू नये. ‘पागानिनीच्या चोवीस लहरी’ वाचून कुणी व्हायोलिन उचलणार नाही.

१३. कायद्याच्या पुस्तकात ‘कप्रिशस’ शिवीसारखा का येतो?

कारण तिथे तो आरोप आहे. अमेरिकेच्या १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार सरकारी यंत्रणेचा निर्णय ‘मनमानी, लहरी’ ठरला तर न्यायालय तो रद्द करू शकतं.

आपल्याकडे हा शब्द गाजला तो ई. पी. रोयप्पा विरुद्ध तामिळनाडू राज्य (१९७४) या खटल्यात. रोयप्पा तामिळनाडूचे मुख्य सचिव होते, त्यांना त्या पदावरून हलवलं गेलं, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला ते हरले. पण न्या. भगवतींनी राज्यघटनेच्या १४व्या कलमाबद्दल जे लिहिलं ते उरलं: समानता आणि मनमानी या एकमेकींच्या हाडवैरी, एक प्रजासत्ताकातल्या कायद्याच्या राज्याची, तर दुसरी निरंकुश राजाच्या लहरीची. मूळ इंग्रजीत तिथे ‘व्हिम’ आणि ‘कॅप्रिस’ असे दोन्ही शब्द जोडीने आहेत. १९७८च्या मनेका गांधी निकालातही हाच विचार पुढे नेला गेला.

परीक्षार्थींनी एक लक्षात ठेवावं. निर्णय चुकीचा असणं आणि लहरी असणं यांत फरक आहे. कारणं देऊन, नोंदी पाहून घेतलेला निर्णयही चुकू शकतो. लहरी निर्णयाला सांगण्याजोगं कारणच नसतं. वासारी ज्या गुणाला दाद देतो (प्रश्न ४) तोच गुण खुर्चीत बसलेल्याने दाखवला की घटनाबाह्य ठरतो, आणि मला तरी यात काही विसंगती दिसत नाही. चित्रकाराच्या लहरीने दुसऱ्या कुणाची बदली होत नाही.

१४. ब्राझीलच्या मित्राने माझ्या कामाला ‘काप्रिचो’ने केलेलं म्हटलं. राग मानू का?

मुळीच नको, त्याने कौतुक केलं. पोर्तुगीजमध्ये हा शब्द लहरीसाठीही आहे, पण तिथे त्याने अगदी उलटी गिरकी घेतली: मन लावून, निगुतीने केलेलं काम. शाळकरी मुलाने वहीत सुबक अक्षर काढलं तर तो ‘काप्रिचो’. क्रियापद ‘काप्रिचार’, म्हणजे जीव ओतून करणं. ब्राझीलमध्ये खाणावळीत वाढणाऱ्याला गिऱ्हाईक ‘काप्रिचा!’ म्हणतं, तेव्हा त्याला लहरीपणा नको असतो. जरा हात सैल सोड, ताट नीट भर, एवढंच म्हणणं असतं.